गेले आहेत की जाऊन आले आहेत?

मराठी शाळेत इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ एका मंत्राने शिकवला जातो. वाक्याच्या शेवटी 'ला आहे, ली आहे, ले आहे' दिसले की 'हॅव' किंवा 'हॅज' टाका आणि क्रियापदाचे तिसरे रूप लिहा. उर्दू शाळेतला मंत्र वेगळा : 'चुका है, चुकी है, चुके हैं'. दोन्हीकडची मुले आपापला मंत्र दहावीपर्यंत घोकतात, त्यावरचे दोन-चार गुणांचे प्रश्न सोडवतात आणि शाळा संपल्यावर पहिल्याच खऱ्या प्रसंगात तोंडघशी पडतात. मग घरचे म्हणतात, बघा, मातृभाषेत शिकवले म्हणून असे झाले. धाकट्याला तरी इंग्रजी माध्यमात घालू.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. या मुलांना मातृभाषेतून इंग्रजी शिकवलेच गेलेले नाही. त्यांना फक्त मातृभाषेची शेपटी दाखवून इंग्रजीची शेपटी जोडायला सांगितले गेले. मातृभाषेत जे खरोखर आहे, ते वर्गात कधी उघडून पाहिले गेले नाही. हे सिद्ध करायला बारा काळांचा तक्ता नको. एक क्रियापद पुरे आहे, तेही सगळ्यात साधे : 'गो'. जाणे.

आमच्या वस्तीतला एक मुलगा एसी दुरुस्तीचे काम करतो. सौदीत दोन वर्षे काढून परत आला आणि कतारच्या कामासाठी मुंबईत मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांनी विचारले, 'हॅव यू बीन टू द गल्फ बिफोर?' याला 'गल्फ' कळले, 'बिफोर' कळले. त्याने ठसक्यात उत्तर दिले, 'यस सर, आय हॅव गॉन टू सौदी.' साहेब हसले आणि शेजारच्याला म्हणाले, हा तर सौदीला गेलाय, मग इथे कोण बसलंय? मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. नोकरीचे काय झाले ते त्याने आधी सांगितलेच नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता. 'चाचा, 'गो' का तिसरा रूप 'गॉन' ही है ना? फिर मैं गलत क्या बोला?'

मंत्राच्या हिशेबाने तो काहीच चुकला नव्हता. गो, वेंट, गॉन. 'मी सौदीला गेलो आहे' यात 'लो आहे' आले, म्हणून 'हॅव', म्हणून 'गॉन'. पण इंग्रजीत 'हॅज गॉन' म्हणजे माणूस गेला आणि अजून परतला नाही, तो आत्ता तिथे आहे किंवा वाटेत आहे. जाऊन परत आला असेल तर 'हॅज बीन'. म्हणून समोर बसलेला माणूस स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू सौदी' म्हणाला की साध्या इंग्रजी कानाला ते चमत्कारिक वाटते. (अमेरिकन बोलण्यात 'हॅव यू एव्हर गॉन' असे ऐकू येते, पण ते आधी मूळ फरक पक्का झाल्यावर.)

आता मला सांगा, हा फरक मराठीत नाही? शेजारचे चाचा हजला गेले आहेत, असे म्हटले की दारावर कुलूप डोळ्यांसमोर येते. चाचा हजला जाऊन आले आहेत, असे म्हटले की आपण जमजमचे पाणी आणि खजूर घ्यायला त्यांच्या घरी जातो. आपल्या घरातली सहा वर्षांची पोरगीसुद्धा या दोन वाक्यांत घोटाळा करत नाही. आपल्याकडे कोणाच्याही नावामागे 'हाजी' लागते ते तो 'हॅज बीन' झाल्यावर, विमानात बसला म्हणून नाही. मक्केत असलेल्या माणसाबद्दल 'ही हॅज गॉन टू मक्का', परतलेल्याबद्दल 'ही हॅज बीन टू मक्का'. एवढे एकदा सांगितले असते तर तो मुलगा जन्मात विसरला नसता.

उर्दूत तर याहून गंमत आहे. मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो की जाण्याच्या वाक्यात हे 'बीन' कुठून उपटले, ते तर 'बी'चे म्हणजे 'असणे-होणे'चे तिसरे रूप आहे. शिक्षक म्हणतात, पाठ कर, इंग्रजीत असेच असते. पण उर्दू बोलणारा माणूस रोज म्हणतो, 'मैं दिल्ली हो आया हूँ', 'ज़रा बाज़ार हो आऊँ'. यात 'जाना' कुठे आहे? तिथेही 'होना'च आहे! दिल्लीत होऊन आलो. इंग्रजाने जे 'बीन टू' मध्ये केले तेच आपण 'हो आना' मध्ये केले आहे. उर्दू माध्यमाच्या मुलासाठी हे दार सताड उघडे होते. त्याला 'चुका है'च्या खिडकीतून आत ढकलले.

'चुका है' हा मंत्र तर मराठी मंत्रापेक्षाही लंगडा आहे. 'मैं खाना खा चुका हूँ' यात जेवण उरकल्याची भावना आहे, इंग्रजीत तिथे 'ऑलरेडी' घालावे लागते. 'मैंने ताजमहल देखा है' हेही पूर्ण वर्तमानच, पण त्यात 'चुका' नाही. त्यामुळे मुलगा तिथे 'आय सॉ ताजमहल' लिहून मोकळा होतो आणि 'चुका' शोधत बसतो.

जाता जाता 'वेंट'बद्दल. गो, वेंट, गॉन असे कोरसमध्ये म्हणताना कोणत्याही मुलाला वाटते की मधला शब्द भलत्याच घरचा आहे. खरेच आहे. 'वेंट' मुळात 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ, तो 'गो'ने दत्तक घेतला. आणि आपण? 'जाणे'चा भूतकाळ 'जाला' होत नाही, 'गेला' होतो. हिंदी-उर्दूत 'जाना'चे 'गया'. आपल्याकडेही 'जा' एका धातूतून आले आणि 'गेला' दुसऱ्या. तीन भाषांनी याच क्रियापदात हाच उद्योग करावा, हे वर्गात सांगितले तर 'आय हॅव वेंट' म्हणणारी निम्मी मुले तिथेच थांबतील असे मला वाटते. निदान ऐकतील तरी.

मराठी आणि इंग्रजी सगळीकडे जुळतात असे मात्र मुळीच नाही. जिथे जुळत नाहीत ती ठिकाणे मुलांना आधी दाखवायला हवीत, आणि नेमके तिथेच मंत्र दगा देतो. 'अब्बा काल पुण्याला गेले आहेत' हे चांगले मराठी आहे. मंत्र लावला की होते 'अब्बा हॅज गॉन टू पुणे यस्टरडे', आणि इंग्रजीत हे बसत नाही. काल, परवा, गेल्या रमजानमध्ये, 2015 साली असा संपलेल्या वेळेचा शब्द आला की इंग्रजी 'हॅज' ठेवत नाही, सरळ 'वेंट' म्हणते. ज्या वेळेचे दार बंद झाले तिथे पूर्ण वर्तमान चालत नाही. मराठीला ते चालते, कारण आपण 'आहे'मध्ये अब्बा अजून पुण्यातच असल्याचे सांगतो आणि 'काल'मध्ये निघण्याची वेळ सांगतो. दोन्ही एका वाक्यात मावतात. इंग्रजीला त्यासाठी दोन वाक्ये करावी लागतात. यात मराठी चुकीची नाही आणि इंग्रजी शहाणी नाही, दोघींचे हिशेब वेगळे आहेत.

याच्या उलट ठिकाण म्हणजे 'मी इथे पाच वर्षांपासून काम करतो'. यात 'ला आहे' कुठेच नाही, साधा वर्तमानकाळ आहे. म्हणून मुलगा लिहितो 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. हे वाक्य आपल्या देशातल्या किती अर्जांत असेल त्याची मोजदाद नको. इंग्रजीला इथे 'हॅव बीन वर्किंग' हवे आणि 'सिन्स'ऐवजी 'फॉर', कारण पाच वर्षे हा कालावधी आहे, सुरुवातीचा क्षण नाही. पाच वर्षांपूर्वी सुरू झाले आणि आत्तापर्यंत आले, ही दोन टोके जोडण्याचे काम इंग्रजी 'हॅव'कडून करून घेते. आपण ते 'पासून' या एका शब्दयोगी अव्ययावर सोपवून निश्चिंत असतो. 'से'चेही तेच.

या काळाची जी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते ती व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, काही पुस्तकांत तीही नसते. 'माझ्या वडिलांनी तीस वर्षे गिरणीत काम केले आहे.' वडील हयात आहेत की नाहीत? मराठी वाक्य सांगत नाही. वारलेल्या वडिलांबद्दलही आपण असे बोलतो, त्यात काही वावगे नाही. पण 'माय फादर हॅज वर्क्ड इन द मिल फॉर थर्टी इयर्स' असे लिहिले की वाचणारा समजतो, म्हातारा जिवंत आहे आणि बहुधा अजून कामावर जातो. इंग्रजीचा हा काळ जिवंत माणसासाठी आहे. गेलेल्याच्या आयुष्याचे वाक्य 'वर्क्ड' असेच बंद करावे लागते. ज्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या विधवांचे, वारसांचे अर्ज लिहून दिले आहेत त्यांना हे कळेल. पेन्शनचा, विम्याचा, थकबाकीचा अर्ज इंग्रजीत लिहायचा, त्यात एका ओळीत वडील वारल्याचे आणि दुसऱ्या ओळीत 'हॅज वर्क्ड'. कारकुनाला अर्ज बाजूला ठेवायला निमित्तच हवे असते.

आणि मराठीचा न्याय पाहा. 'आजोबा गेले' म्हटले की घरात रडणे सुरू होते. 'आजोबा गेले आहेत' म्हटले की विचारतात, कुठे, गावाला का? आपल्याकडे एका 'आहेत'ने आजोबा वाचतात.

नावांचाही एक घोळ आहे, तो उर्दू शाळेतल्या मुलांनाच ठाऊक. मराठी व्याकरण 'गेला आहे' याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणते. उर्दू व्याकरणाच्या परंपरेत 'गया है' हे 'माज़ी करीब', म्हणजे जवळचा भूतकाळ. 'गया था' हे 'माज़ी बईद', म्हणजे दूरचा. त्याच मुलाला पुढच्या तासाला इंग्रजीचे सर सांगतात की हे 'हाल मुकम्मल', म्हणजे पूर्ण वर्तमान. सकाळी जो भूतकाळ होता तो दुपारी वर्तमान झाला, आणि मधल्या सुट्टीत याचे स्पष्टीकरण कोणी दिले नाही. खरे तर ही दोन नावे शेजारी ठेवली की धडा आपोआप तयार होतो. घटना भूतकाळातली, तिचा परिणाम वर्तमानातला. जुन्या उर्दू वैयाकरणांनी घटनेकडे पाहून नाव दिले, इंग्रजी वळणाच्या व्याकरणाने परिणामाकडे पाहून. मदरशात अरबी शिकलेल्या मुलाला भूतकाळाच्या क्रियापदाआधी येणारे 'कद' आठवावे, इकामतमध्ये ते रोज कानावर पडते. झालेली गोष्ट आत्ताशी जोडायची तिथे अरबी हा छोटा शब्द पुढे ठेवते. म्हणजे आपल्या मुलांच्या कानांत हा काळ तीन-तीन भाषांतून आधीच घुमत असतो, आणि आपण समजतो की तो त्यांना नवा आहे.

'हॅव' म्हणजे 'जवळ असणे', मग 'गेला आहे' मध्ये ते काय करते, हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता. प्रश्न उत्तम आहे. मराठी, हिंदी, उर्दूत 'हॅव'साठी वेगळे क्रियापदच नाही. 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मेरे पास किताब है', सगळे काम 'आहे' आणि 'है' करते. म्हणून 'गेला आहे'चे शब्दाला शब्द इंग्रजी 'इज गॉन' होते. आणि जुनी इंग्रजी तसेच म्हणत असे. शेक्सपिअरच्या काळी जाण्या-येण्याच्या क्रियापदांना 'इज गॉन', 'इज कम' सर्रास चाले. फ्रेंच आणि जर्मन अजूनही जाण्यासाठी 'असणे'च वापरतात. पुढे इंग्रजीत 'हॅव'ने सगळ्यांना हुसकावले. आजही 'ही इज गॉन' चूक नाही, फक्त त्याचा रोख जाण्याच्या क्रियेवर नसून इथे नसण्यावर असतो. तेव्हा 'ही इज गॉन' लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल फुली मारण्याआधी गुरुजींनी क्षणभर थांबावे.

एक चूक मात्र शुद्ध मराठी वळणाची आहे. 'रामूने आंबे खाल्ले आहेत.' 'आहेत' हे आंब्यांसाठी, रामूसाठी नाही. मुलगा 'आहेत' पाहतो आणि लिहितो 'रामू हॅव ईटन मँगोज'. इंग्रजीत 'हॅज' कर्त्याकडे पाहते, मराठीत इथे क्रियापद कर्माकडे पाहते. प्रमाण उर्दूतही 'ने' लागला की तसेच. पण ज्या दखनीला आपण गावंढळ म्हणून हिणवतो, ती मराठवाड्यापासून हैदराबादेपर्यंतची दखनी, तिच्यात पुष्कळ ठिकाणी हा 'ने' नाहीच. 'मैं रोटी खाया'. क्रियापद कर्त्याकडे पाहते, इंग्रजीसारखे. उर्दूचे सर ज्या वाक्यासाठी कान पिळतात, तेच वाक्य इंग्रजीच्या तासाला कामाला आले असते.

यावर काही मित्र म्हणतात, एवढा काथ्याकूट कशाला, समोरच्याला समजले म्हणजे झाले. बोलण्यापुरते मला हे मान्य आहे. बाजारात, रिक्षात, आखाती देशांतल्या कामगारांच्या खोलीत मल्याळी, बंगाली, पठाण आणि कोकणी माणूस ज्या इंग्रजीत एकमेकांशी बोलतात, तिला कोणी नाक मुरडू नये. मुलाखतीत हसणाऱ्या साहेबांचे तर मला अजिबात कौतुक नाही; एसी दुरुस्त करणाऱ्याकडून गॅस भरून घ्यायचा असतो, तिसरे रूप नाही. पण अर्ज, करारपत्र, प्रतिज्ञापत्र इथे 'समजले म्हणजे झाले' पुरत नाही, कारण तिथे समजून घेण्याची समोरच्याला गरज नसते. 'हॅव यू एव्हर' असा प्रश्न आला की त्यात आजवरचे सगळे आयुष्य येते, एखादा दिवस नाही. 'यापूर्वी कधी' हे शब्द आपल्या कोणत्याही सरकारी फॉर्मवर असतात. त्याचे इंग्रजी रूप ओळखता न आल्याने माणूस नको तिथे 'नो'वर खूण करून येतो.

राहिला इंग्रजी माध्यमाचा मुद्दा. राज्यात 2000 सालापासून मराठी-उर्दू शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, आधी ते पाचवीला सुरू व्हायचे. चार वर्षे वाढली, मंत्र तोच राहिला. आणि कमी फीच्या इंग्रजी शाळांत काय चालते? तिथली मुले 'आय हॅव वेंट' आणि 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' तितक्याच आत्मविश्वासाने म्हणतात, कारण शिकवणाऱ्या बाईंचीही भाषा तीच. फरक इतकाच की तिथे चूक समजावून सांगायला मराठी वापरायची बंदी असते. बापाने दुकान गहाण टाकून फी भरायची आणि मुलाला 'गॉन' आणि 'बीन'मधला फरक कोणत्याच भाषेत कळू नये, हा व्यवहार मला महाग वाटतो. इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही, ज्याला चांगली शाळा मिळते त्याने जावे. पण मातृभाषेला आरोपी करून जाऊ नये.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीला आता जुनाट म्हणतात आणि भाषांतराचे नाव काढले तरी प्रशिक्षणातले तज्ज्ञ दचकतात. भाषांतर घोकायला लावणे वाईट, हे खरे. पण दोन भाषा शेजारी ठेवून, कुठे जुळतात आणि कुठे नाही हे पोरांकडूनच शोधून घेणे वेगळे. त्यासाठी यंत्र लागत नाही, जादा निधी लागत नाही. मी सुट्टीत वस्तीतल्या दहा-बारा मुलांना बसवतो तेव्हा फळ्यावर काळाचे नावसुद्धा लिहीत नाही. आधी घरातल्या माणसांची यादी करतो. कोण कुठे गेले आहे, कोण कुठे जाऊन आले आहे. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : आत्ता तो कुठे आहे? तिथे असेल तर 'गॉन', इथे असेल तर 'बीन', आणि कधी गेला हे सांगायचे असेल तर 'हॅज' पुसून 'वेंट'. मामू दुबईला, खाला माहेरी, भाईजान मुंबईला. एक आठवडा एवढेच. दुसऱ्या आठवड्यात 'लिव्ह' घेतो, 'आम्ही या गल्लीत कधीपासून राहतो' यावर, आणि तेव्हा 'सिन्स' आणि 'फॉर' येतात. अर्ज लिहायला बसतो ते तिसऱ्या आठवड्यात. मुले कंटाळत नाहीत, कारण भांडण लगेच सुरू होते : कोणाची तरी आपा कालच सासरहून आलेली असते, दुसरा म्हणतो ती आजच परत गेली, आणि मग ती 'गॉन' की 'बीन' हे ठरवायला एकाला तिच्या घरी पाठवावे लागते.